२०० हेक्टर सामूहिक वन हाती आलं: आधी जाळरेषा, मग फुटवा, रोपं सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा: शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला ११० घरांचं गाव. वनहक्क कायद्याखाली सुमारे २०० हेक्टर वनावर ग्रामसभेचा सामूहिक हक्क मान्य झालाय. साग, अंजन, सालई, धावडा, मोह आणि एका नाळीत, म्हणजे अरुंद घळीत, थोडा मानवेल बांबू. गेल्या उन्हाळ्यात दोनदा वणवा लागला, आणि वळवाच्या वाऱ्यात वाळकी फांदी पडून एक गुराखी जखमी झाला. तरुण पोरांना रोपवन करायचंय, काहींना साग विकावासा वाटतो, बायका विचारतात सरपण कुठून आणायचं. सुरुवात कुठून करावी?

रोपवनापासून तर नकोच. एका पावसाळ्यात १०,००० खड्डे खणून फोटो काढता येतात, पण आग आणि शेळ्या मोकळ्या असतील तर दोन वर्षांत त्यातलं फारसं काही उरत नाही. तुमच्याकडे रोपांपेक्षा मोलाची गोष्ट जमिनीत आधीच आहे: तोडलेल्या सागाचे, धावड्याचे, पळसाचे जिवंत खुंट. त्यांची मुळं जुनी आणि खोलवर गेलेली असतात. रोप पहिल्या वर्षी वीतभर वाढतं तिथे सागाचा फुटवा पहिल्याच पावसाळ्यात कमरेला लागतो. जूनमध्ये वनातून एक चक्कर मारा आणि दहा पावलांत किती खुंट फुटलेत ते मोजा. तीन-चार सापडले तर त्या तुकड्यात रोपं लावण्यावर एक रुपयाही घालवू नका.

म्हणून पहिलं काम आगीचं. आणि इथे खानदेशातली एक अडचण आधीच ध्यानात घ्यायला हवी. कागदावर जाळरेषेचं, म्हणजे आग अडवायला साफ केलेल्या पट्ट्याचं, काम जानेवारीचं. पण दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं असतं, ते होळीला परततं. जानेवारीत हाताला माणूस नाही आणि आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत. त्यामुळे काम तीन हप्त्यांत तोडा.

पहिला हप्ता ऑक्टोबरात, माणसं गावात असताना: हद्दीवरचं आणि वाटांच्या कडेचं गवत कापून घरी न्यायचं. चाराही होतो आणि जाळरेषेचं अर्धं काम फुकटात होतं. मारवेल, पवन्या यांचं बी पडू द्या, म्हणजे महिन्याच्या उत्तरार्धात कापा. कुसळी मात्र कुसं धरायच्या आत, सप्टेंबरअखेरीलाच काढा, नाहीतर ती गुरांच्या तोंडात आणि मेंढ्यांच्या अंगात शिरते. दुसरा हप्ता जानेवारीचा: गावात राहिलेल्या आठ-दहा जणांनी पट्ट्यातली खुंटं-काटक्या ओढून काढायच्या आणि उरलेलं वाळकं पहाटे किंवा सूर्यास्तानंतर जाळायचं. वनात आग लावणं हा गुन्हा आहे, तेव्हा हे काम वनरक्षकाला आधी लेखी कळवून, तो हजर असतानाच करा. तिसरा हप्ता होळीनंतरचा, आणि बहुतेक गावं नेमका हाच विसरतात. जानेवारीत स्वच्छ केलेली रेषा मार्चपर्यंत सागाच्या पानांनी भरून जाते. सागाचं पान ताटाएवढं, वाळलं की कागदासारखं पेटतं आणि वाऱ्यावर उडतं. वर पानांची गादी साचलेली ३ मीटरची रेषा म्हणजे आगीला घालून दिलेला पूल. होळी ते गुढीपाडवा या दिवसांत रेषा पुन्हा झाडायची. खराट्याने चालतं. पानं उडवणारा ब्लोअर असेल तर दोन माणसं एका सकाळी बरंच अंतर उरकतात.

आता मोजमाप. २०० हेक्टरची हद्द आकारानुसार ६ ते ८ किलोमीटर भरते, ७ धरू. त्यातला नाला, नांगरलेलं शेत, गाडीरस्ता वगळला की उरते साधारण निम्मी. साडेतीन किलोमीटर, ३ मीटर रुंद. मांडीएवढ्या गवतात दोन माणसं दिवसाला १०० मीटर साफ करतात असं धरा: ३५ जोड्या, ७० मनुष्यदिवस. ११० घरांत वाटलं तर प्रत्येक घराला एक दिवससुद्धा पडत नाही. पश्चिमेच्या बाजूला आणि रस्त्याला लागून रेषा ६ मीटर करा. उन्हाळ्यात दुपारचा वारा आपल्याकडे बहुतेक पश्चिमेचा, आणि बिडीचं थोटुक पडतं ते रस्त्यालगत. आतल्या रेषा डोंगराच्या धारेवरून घ्या, उतारावर मधेच नको. आग चढावर धावते. चढ १० अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. धारेवर पोचल्यावर ती मंदावते आणि तिथेच अडवता येते.

वणवा विझवायला जाण्याचे नियम ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा, कारण माणसं मरतात ती इथे. कमीत कमी सहा जणांची टोळी. त्यातला एक जण हात चालवणार नाही. तो मागे उंचावर उभा राहून फक्त वारा आणि आगीची दिशा बघेल, हाका मारेल. सुती कपडे, पायात बूट. नायलॉनचा शर्ट आणि रबरी चप्पल नको, दोन्ही वितळून कातडीला चिकटतात. आगीच्या वरच्या अंगाला उभं राहायचं नाही. अरुंद नाळीत तर कधीच उतरायचं नाही, ती चुलीच्या धुराड्यासारखी ओढते. काम जळून गेलेल्या बाजूकडून, आगीच्या शेपटीपासून म्हणजे मागच्या टोकापासून सुरू करून दोन्ही कुशींनी पुढे सरकायचं. वारा फिरला तर पळायचं ते काळ्यात, म्हणजे आधीच जळून गेलेल्या जागेत. तिथे पुन्हा पेटायला काही उरलेलं नसतं. पळसाच्या किंवा कडुनिंबाच्या ओल्या फांदीने आग झोडायची नसते, दाबायची असते. फांदी डोक्यावर उचलून आपटली की ठिणग्या मागे उडतात आणि पाठीमागे दुसरी आग तयार होते. ज्वाळा छातीच्या वर असतील तर फांदीने विझवणं सोडा, मागे सरून पुढच्या रेषेवर थांबा. उलट आग लावून वणवा अडवण्याचा प्रयोग वनखात्याच्या अनुभवी माणसाशिवाय करू नये. वाचायला सोपं दिसणारं हे काम वारा फसला की दोन आगींच्या मधे माणसं अडकवतं.

आग विझली म्हणून लगेच घरी जायचं नाही. पोकळ सालई आणि जुना वाळका साग आतून दोन-दोन दिवस धुमसत राहतात. खोडाजवळ उलटा हात नेऊन ऊब बघा. ऊब असेल तर माती-पाणी घाला. दुसऱ्या दिवशी दुपारी, वारा सुटायच्या वेळी, दोघांनी पुन्हा फेरी मारायची.

भारतीय वन सर्वेक्षणाचा उपग्रहावरून येणारा आगीचा संदेश मोबाइलवर घेता येतो, नोंदणी जरूर करा. पण तो येईपर्यंत बऱ्याचदा काही तास गेलेले असतात आणि लहान आग त्याला दिसतच नाही. मार्च ते मे, सकाळी ११ ते संध्याकाळी ६, टेकडीवर फोन घेतलेला एक राखणदार याला पर्याय नाही. वनविभागाची मदतवाहिनी १९२६, रुग्णवाहिका १०८. हे दोन आकडे शाळेच्या भिंतीवर रंगवून टाका.

आगीचं कारण शोधताना बाहेरच्याकडे बोट दाखवणं सोपं असतं. पण मार्च-एप्रिलमधल्या कितीतरी आगी मोहाच्या झाडाखालून सुरू होतात: फुलं वेचायला सोपं जावं म्हणून पाला पेटवला जातो. बंदी घालून हे थांबत नाही, पर्याय द्यावा लागतो. झाडाखाली जुन्या साड्या जोडून किंवा हिरवी नेट बांधून फुलं झेलली तर ती मातीत मिसळत नाहीत, स्वच्छ वाळतात आणि व्यापाऱ्याला नाव ठेवायला जागा राहत नाही. नेट नसेल तर पाला झाडून फांद्यांच्या घेराबाहेर ढीग करा. आणि मोहाची झाडं घराघरांत नेमून द्या. ज्याचं झाड त्याची जबाबदारी ठरली की आग लावणारा आपोआप उघडा पडतो. तेंदूच्या झुडपांनाही चांगलं पान यावं म्हणून आग लावतात. त्याऐवजी फेब्रुवारीअखेर ती जमिनीलगत छाटा. दीड महिन्यात कोवळी, मोठी पानं येतात.

फांदी पडण्याबद्दल. सगळं वन सुरक्षित करता येत नाही आणि तसं करूही नये. माणसं जिथे थांबतात तेवढ्याच जागा धरा: शाळेची वाट, पाणवठा, गुरं बसायची सावली, देवाचं ठाणं, मोहाची झाडं. या जागांपासून झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरात जेवढी झाडं येतात ती वर्षातून दोनदा बघायची. एकदा एप्रिलअखेर, वळवाचे वारे सुटायच्या आधी, एकदा ऑक्टोबरात. काय बघायचं? बुंध्याशी भूछत्र किंवा बुरशीचे कडक कंगोरे उगवलेत का. झुकलेल्या झाडाच्या उलट बाजूची माती उचलली गेलीय का. दुबेळक्यात उभी चीर पडलीय का. वरून तुटून मधेच अडकलेली फांदी लटकतेय का. ही शेवटची सगळ्यात घातक, कारण ती वाऱ्याशिवायही पडते. सालईचं लाकूड हलकं आणि ठिसूळ, वाळल्यावर तिचा भरवसा धरू नये. अंजन उलट, त्याची वाळकी फांदी वर्षानुवर्षं टिकते, पण पडली तर वजनाने जीव घेते.

धोका दिसला की पहिला उपाय कुऱ्हाड नसतो. गुरांची बसायची जागा वीस पावलं सरकवणं बहुतेकदा पुरतं. मग फक्त ती फांदी काढणं. झाडच पाडायचं असेल तर ग्रामसभेचा ठराव आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला पत्र, फोटोसह. वाटेपासून दूर असलेली मेलेली, पोकळ झाडं मात्र मुद्दाम उभी ठेवा, हेक्टरी पाच-सहा तरी. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला दिसलं नव्हतं, नामशेष धरलं गेलं होतं. १९९७ मध्ये ते सापडलं ते आपल्या शहाद्याजवळ. हा पक्षी झाडाच्या ढोलीत घरटं करतो. सरपणासाठी पोकळ झाड आधी तोडायचं ही सवय म्हणजे त्याचं घर मोडणं.

चराई. गावाने कायमची चराईबंदी ठरवली तर ती दुसऱ्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही. २०० हेक्टरचे पाच तुकडे पाडा, एका वेळी दोनच बंद. किती वर्षं बंद, हे कॅलेंडरवर ठरवू नका. फुटव्याचा शेंडा माणसाच्या डोक्यावर गेला, म्हणजे शेळीच्या तोंडाला लागेनासा झाला, की तुकडा उघडायचा. सागाला दोन-तीन पावसाळे पुरतात, खैर-अंजनाला पाच आणि जास्तही लागतात. बंद तुकड्यातलं गवत कापून न्यायला पूर्ण मुभा ठेवा. बंदी खुरांना आणि तोंडाला आहे, विळ्याला नाही, हे स्पष्ट सांगितलं की बायकांचा विरोध राहत नाही. ठेलारी आणि काठेवाडी या फिरत्या पशुपालकांचे कळप दरवर्षी येतात, त्यांच्याशी भांडण काढण्यात अर्थ नाही. कळप येण्याआधी त्यांच्या मुखियाला बोलवा, वाट दाखवा, पाणी कुठलं आणि मुक्काम किती रात्री हे ठरवा, शक्यतो शेतात बसवून लेंडीखत घ्या. ज्या गावाने बोलणी केली तिथे कळप बंद तुकडा टाळून जातो.

फुटवा नुसता राखून भागत नाही, निवडावा लागतो. एका खुंटातून सहा-आठ धुमारे येतात, सगळे ठेवले तर सगळेच काठीएवढे राहतात. दुसऱ्या हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत, जमिनीच्या जवळून निघालेले दोन सरळ धुमारे ठेवा, बाकीचे धारदार कोयत्याने तिरपे कापा. खुंटाच्या माथ्यावरून निघालेला धुमारा कितीही जोमदार दिसला तरी घेऊ नका. खुंट कुजला की तो वाऱ्यात फाटून पडतो, आणि मग पुन्हा तीच गुराख्याची गोष्ट. आगीत होरपळलेले फुटवेही जूनच्या सुरुवातीला जमिनीलगत छाटून टाका, नवीन सरळ येतात. ऑगस्टात सागाची पानं जाळीसारखी झाली तर घाबरू नका, ती अळी आहे. झाड पुन्हा पालवतं.

अंजनाचं मात्र वेगळं बघावं लागतं. ऐन उन्हाळ्यात, चारा संपलेला असताना, तो तांबूस कोवळी पालवी घेऊन उभा असतो, म्हणून सगळे त्याच्यावरच चढतात. नियम असा ठेवा: शेंड्याचा वरचा तिसरा हिस्सा कधीच छाटायचा नाही, खालच्या फांद्या एका झाडाच्या तीन वर्षांतून एकदा. खोडाला चुन्याचा पट्टा मारून त्या-त्या वर्षाची झाडं ठरवून द्या. अंजनाला दरवर्षी भरपूर बी येत नाही. ज्या वर्षी शेंगा लगडतील त्या वर्षी त्या झाडाखालचा तुकडा बंदीत घ्या. रोपं उगवतील आणि पुढची काही वर्षं उन्हाळ्यात वाळल्यासारखी दिसतील. ती मेलेली नसतात. आधी मूळ खाली नेतात, मग वर उठतात.

आता बायकांचा प्रश्न, जो खरं तर सगळ्यात अवघड. चुलीवर सगळं करणाऱ्या घराला दिवसाला ५ ते ७ किलो सरपण लागतं, म्हणजे वर्षाला ढोबळमानाने २ टन. ११० घरांचे २२० टन. असं कोरडं, झिजलेलं वन हेक्टरी वर्षाला अर्धा ते एक टनाच्या आसपास लाकूड वाढवतं. तुमचं २०० हेक्टर चांगल्या दिवसांतही २०० टनांच्या पुढे जाणार नाही, आज तर १०० टनच धरा. म्हणजे दरवर्षी वाढीपेक्षा दुप्पट तोड होतेय. ही तूट शिक्षा करून भरत नाही. खानदेशात कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या एकरा-एकराने निघतात आणि बांधावर पेटवून दिल्या जातात. जानेवारी-फेब्रुवारीत त्या कापून, जुड्या बांधून, पावसाआधी छपराखाली रचल्या तर सरपणाचा मोठा वाटा तिथूनच निघतो. जवळच्या मळ्यांशी गावाने मिळून बोलणी करून ट्रॅक्टरच्या हिशेबाने आणा. उरलेल्यासाठी वनातलं पडलेलं, वाळकं, मनगटापेक्षा बारीक लाकूड, आठवड्याचे ठरलेले दोन दिवस, डोक्यावरून नेता येईल तेवढंच. बैलगाडी आत गेली की समजा तो व्यापार.

साग विकण्याचा विषय ग्रामसभेत एकदाच स्वच्छ संपवा. २००६ च्या वनहक्क कायद्यातल्या गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, तेंदू, मोह, मध, डिंक, कंद, औषधी वनस्पती, अगदी झुडपी लाकूड आणि खुंटसुद्धा येतात. इमारती लाकूड येत नाही. सामूहिक हक्क मिळाला म्हणून साग तोडून विकता येत नाही, आणि असं सांगणारा दलाल आला तर त्याच्याकडे कागद मागा.

पैसा बांबूत आहे, घाई केली नाही तर. बेटातली तीन वर्षांच्या आतली काठी कापायची नाही. पहिल्या वर्षाच्या काठीवर खपल्या असतात, दुसऱ्या वर्षी ती हिरवीगार, तिसऱ्यानंतर फिकट होऊन पांढुरके डाग येतात. कापणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जमिनीपासून वीतभर वर, गाठीच्या लगेच वरून, म्हणजे खुंटाच्या पोकळीत पाणी साचत नाही. प्रत्येक बेटात निदान आठ-दहा जाणत्या काठ्या राहिल्याच पाहिजेत, आणि कडेच्या कोवळ्या काठ्यांना हात नाही. बेट बाहेरच्या अंगाला वाढतं. बेट फुलोऱ्यावर आलं तर ते बी टाकून मरणार. त्या वर्षी बी पडेपर्यंत थांबा, मग वाळलेल्या काठ्या पुढच्या उन्हाळ्याआधी बाहेर काढा, नाहीतर वणव्याला त्याच्याइतकं चांगलं सरण नाही.

घाणेरी (लँटाना) वरून कापू नका, दुप्पट फुटते. पावसाळ्यात, फळं पिकायच्या आत, बुडाखाली दोन-तीन बोटं कुदळ घालून मुळाचा गड्डा तोडा, झुडूप उलटं टांगून ठेवा, रिकाम्या जागेत लगेच मारवेल-पवन्याचं बी टाका. पुढची दोन वर्षं उगवलेली रोपं उपटावी लागतील. तेवढी तयारी नसेल तर त्या तुकड्याला हातच लावू नका. चर खणायला जेसीबी येऊ घातला असेल तर जिवंत खुंटांच्या भागात त्याला पाय ठेवू देऊ नये. सलग समतल चर उघड्या मुरमाड उतारासाठी. वनात ओघळींत अनघड दगडांचे छोटे बांध पुरतात. दगड उचलताना हाताने नाही, पहारीने उलटवा: सातपुड्यातल्या दगडांखाली फुरसं असतं. चावलं तर कापणं, आवळून बांधणं, भगत हे काहीही न करता अवयव न हलवता थेट रुग्णालय. आणि वनालगतच्या शेतात रानडुकरांसाठी वीजतार सोडणाऱ्याला ग्रामसभेने पहिल्याच वेळी रोखावं. त्या तारेला रात्री राखणदारच आधी सापडतो.

नियम मोडणाऱ्याला दंड लहान ठेवा, पण पावती देऊन आणि नातं न बघता. साक्रीच्या बारीपाड्याने १९९० च्या दशकापासून कुऱ्हाडबंदी पाळली; तिथले चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती काही मोठ्या निधीतून उभ्या केलेल्या रोपवनासाठी नव्हे. ग्रामसभेच्या हक्काच्या ठरावाला निम्म्या सभासदांची हजेरी आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका लागतात. ही सभा दिवाळीच्या आधी किंवा होळीनंतर घ्या. जानेवारीत घेतलेला ठराव ऊसतोडीवरून परतलेल्यांना मान्य नसतो.

मोजणी नोव्हेंबरात. १० बाय १० मीटरचे २० चौकोन, सगळ्या तुकड्यांत विखुरलेले, कोपऱ्याला चुना लावलेले दगड. प्रत्येकात तीनच आकडे: गुडघ्याखालची रोपं, गुडघा ते डोकं, डोक्याच्या वर गेलेली. सरासरीला १०० ने गुणलं की हेक्टरी संख्या. दर दोन वर्षांनी तेच चौकोन, तोच महिना. मधला आकडा सलग दोनदा घटला तर चराईचा तुकडा वेळेआधी उघडला गेलाय किंवा रात्री कुणाच्या शेळ्या आत जातायत. मोजायला शाळेतली पोरं चालतात, पण दोरी धरायला गुराखीच घ्या. शेळी नेमकी कुठून आत शिरते हे त्यालाच ठाऊक असतं.